एकच वाट, बारा महिने

'वाट विचारा' ह्या सदरात ह्या वेळी ट्रेकचेच प्रश्न जास्त आलेत, पाऊस तोंडावर आला की दरवर्षी हेच होतं. लांबलचक प्रश्न थोडे कापलेत, राग नसावा.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही ऑफिसातले पाचजण आहोत, ह्या वर्षी दर महिन्याला एक ट्रेक करायचा असं ठरवलंय. तर जानेवारी ते डिसेंबर अशी बारा ट्रेकची यादी द्याल का? सगळे सिनिक हवेत, फार अवघड नकोत, आणि लोकलने जाऊन येता आलं तर बेस्ट. (एक वाचक, ठाणे)

यादी मागणारं हे कितवं पत्र ते मी मोजायचं सोडून दिलंय. यादी द्यायला काय, पाच मिनिटांत होते, पण अशा याद्यांचं पुढे काय होतं ते मला माहितीये, जून-जुलैपर्यंत जोरात चालतं आणि मग दिवाळीच्या सुमाराला तिघांना लग्नं, एकाला गुडघा, आणि यादी फ्रिजवर लटकलेली. म्हणून मी तुम्हाला यादी देणार नाहीये, एकच नाव देते. राजमाची.

आता तुम्ही म्हणाल, राजमाची तर आम्ही केलाय. कधी केलाय? जुलैमध्ये, धुक्यात, भिजून, समोरचं काही दिसलं नाही आणि मॅगी खाऊन परत, बरोबर? मग तुम्ही बारातला एक राजमाची बघितलाय, अकरा बाकी आहेत.

जागा आधी समजून घ्या. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, दोघांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ, आणि खाली उधेवाडी गाव. बोरघाटातून जी जुनी व्यापारी वाट वर यायची तिच्यावर नजर ठेवायला हा किल्ला, १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला. वर जायला दोन वाटा, एक लोणावळ्याहून तुंगार्लीवरून जाते, साधारण १५ किलोमीटर, चढ असा फारसा नाही, नुसतं चालत राहायचं. दुसरी कर्जतच्या बाजूने, स्टेशनवरून टमटमने कोंदिवडे, तिथून कोंढाणे लेणी आणि मग घाम काढणारा चढ, वर पोचायला अडीच-तीन तास. तुम्ही ठाण्याचे, तेव्हा कर्जत लोकल आहेच.

आता महिने. मे संपता संपता काजवे सुरू होतात, पहिला मोठा पाऊस धरेपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत समजा. एकेक झाडच्या झाड पेटतं आणि विझतं, बघून माणूस गप्प होतो. पण तिथे टॉर्च, गाडीचे हेडलाइट आणि मोबाइलचा फ्लॅश घेऊन जी जत्रा भरते ती बघून मात्र तोंडात शिवी येते, कारण तो उजेड म्हणजे नराने मादीला दिलेली हाक असते, आपण त्यात हॅलोजन लावला तर ती तिला दिसणार कशी? शनिवार सोडून जा, टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावा, गाडी लोणावळ्यातच ठेवा आणि चालत जा.

जुलै-ऑगस्टमध्ये लोणावळ्याच्या वाटेने जायचं, कोंढाणे लेण्यांच्या वाटेने नाही, ती उतरताना साबण लावल्यासारखी होते. वाटेत ओढे लागतात, एरवी बूट न काढता पार होतात, पण वर दोन तास जोरात कोसळला की तेच ओढे छातीला लागतात. मी एकदा एका ओढ्याच्या अलीकडे साडेतीन तास बसून काढलेत, सोबतचा एकजण सारखा म्हणत होता काय होतंय, हात धरून जाऊ, आणि मग आमच्या डोळ्यांसमोरून एक अख्खं झाड मुळासकट वाहत गेलं, त्यानंतर तो काही बोलला नाही. पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला यायला लागला की थांबायचं, एवढं लक्षात ठेवा. आणि रेड अलर्ट असेल, जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी घातली असेल तर घरी भजी करा.

भाद्रपदात सोनकी आणि तेरडा, पठारच्या पठार पिवळं-गुलाबी. लोक ह्याच्यासाठी कासला तिकीट काढून लायनीत उभे राहतात, कासची सर कशाला नाही हे खरंच पण इथे लाइन नाही. ऑक्टोबरमध्ये ऊन चटके देतं, गवत कमरेएवढं असतं, पूर्ण पँट घाला. नोव्हेंबर ते जानेवारी मुक्कामाचे दिवस, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, श्रीवर्धनच्या माथ्यावरून ढाक, माथेरान, नागफणी, शिरोटा धरणाचं पाणी सगळं ओळीने मोजता येतं, आणि रात्री चांदण्या इतक्या की नेहमीचे तारे शोधावे लागतात. जुलैला तुम्ही जो किल्ला बघितला म्हणता त्याचा चिलखती बुरूज खरा हिवाळ्यातच दिसतो.

फेब्रुवारी-मार्चला पान झडतं आणि काटेसावर, पांगारा, पळस फुलतात, राखाडी डोंगरावर नुसते लाल-केशरी ठिपके. हा माझा सगळ्यात आवडता महिना आणि नेमकं तेव्हाच कुणी येत नाही. एप्रिल-मेमध्ये दिवसा जाऊ नका, पौर्णिमेच्या आसपास रात्री लोणावळ्याहून निघा, पहाटे उधेवाडी, तळ्याकाठच्या महादेवाच्या देवळाजवळ जरा टेका, गावात चहा-पोहे आणि उन्हं चढायच्या आत खाली. वाटेत करवंदं आणि जांभळं फुकट. पाणी मात्र माणशी तीन लिटर, वरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका.

जेवण गावातच सांगा, आदल्या दिवशी फोन केला की भाकरी, पिठलं, भात, ठेचा. वर्षभर एकाच घरी जेवलात तर चौथ्या खेपेला ती मावशी तुम्हाला नावाने हाक मारेल आणि बिल करताना ताक धरणार नाही.

प्रश्न : वय ६१, नुकतीच रिटायर झाले. दम लागत नाही पण उतरताना गुडघे बोलतात. मिस्टर म्हणतात आता बागेत चाला. मला डोंगरच हवाय. (एक वाचक, कोथरूड)

काकू, मिस्टरांना बागेत सोडा आणि तुम्ही सिंहगडला जा. गुडघ्याची वाट चढताना कमी लागते, उतरताना जास्त लागते, कारण प्रत्येक पावलाला अंगाचं वजन दणकन खाली येतं. तर आतकरवाडीतून पायवाटेने सावकाश चढा, दीड-दोन तास लागू देत, वर झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही घ्या, आणि खाली शेअर जीपने या. त्यात लाजायचं काही नाही. पुण्यातले कितीतरी लोक हा डोंगर आठवड्यातून दोनदा चढतात, बाराही महिने, आणि तिथे सकाळी सहाला तुमच्या वयाच्या बायकांचे ग्रुपच्या ग्रुप भेटतील, पंधरा दिवसांत मैत्रिणी होतील. दोन काठ्या घ्या, एक नाही दोन. आणि दुखणं महिनाभर राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मी सदर लिहिते, एक्सरे वाचत नाही.

प्रश्न : हरिश्चंद्रगडाला तीन वाटा आहेत असं वाचलं, नवख्याने कुठली धरावी? आणि ते गोल इंद्रधनुष्य खरंच दिसतं का? (एक वाचक, नाशिक)

वाटा तीनहून जास्त आहेत पण तुमच्यासाठी एकच, पाचनई. दोन-अडीच तासांत देवळापाशी, पावसाळ्यातही त्यातल्या त्यात सोपी. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब आहे, मध्ये कातळावर रेलिंग लावलंय, दुसऱ्या खेपेला करा. नळीची वाट बेलपाड्याहून थेट कोकणकड्याच्या बाजूने चढते, ती कोरड्या दिवसांत, जाणत्या लोकांबरोबर आणि दोराची सवय असेल तरच, व्हिडिओ बघून निघू नका.

इंद्रवज्र खरंच दिसतं. कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये ते कोकणकड्यावरून बघितल्याचं सांगतात. सूर्य पाठीशी हवा आणि समोर दरीत ढग हवेत, म्हणजे आपली सावली ढगावर पडते आणि तिच्याभोवती रंगाचं गोल कडं दिसतं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा ते सकाळीच जमणार, संध्याकाळी नाही. माझ्या नशिबात सहा खेपांत एकदाच आलं, ते पण जेमतेम दोन मिनिटं, आणि त्यातलं दीड मिनिट मी मोबाइल शोधत होते. कड्याच्या टोकाशी उभं राहू नका, पालथं झोपून डोकावा, वाऱ्याचा भरवसा नाही. आणि केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घालायची असेल तर कपड्यांचा एक जोड जास्त न्या. तिथले चार खांबांतले तीन तुटलेत, उरलेला एक, त्याला टेकून फोटो काढू नका प्लीज.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही हरिहर किल्ला सुचवलात. रविवारी गेलो, पायऱ्यांवर दोन तास अडकलो, वर माणूस खाली माणूस, बायको अजून बोलत नाहीये. (एक वाचक, कल्याण)

चूक माझी, रविवार टाळा हे लिहायचं राहिलं. त्या कातळात खोदलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत आणि एका वेळी एकच माणूस जाईल एवढ्याच रुंद, वरचा घाबरून बसला की सगळी लाइन ठप्प. वहिनींना एखाद्या मंगळवारी साल्हेरला न्या, १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, आणि नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात असल्यामुळे मुंबईची गर्दी तिथवर पोचत नाही. मराठे-मुघलांची १६७२ ची मोठी लढाई त्याच्याच पायथ्याशी झाली. वाघांबेहून चढा, हिवाळ्यात. सलोटा किल्ला शेजारीच आहे पण वहिनी बोलायला लागल्यावर.

प्रश्न : वासोट्याला पावसाळ्यात जाता येतं का? (एक वाचक, कराड)

नाही, बंद असतो. पाऊस संपल्यावर, साधारण नोव्हेंबर धरून चला. बामणोलीहून बोटीने शिवसागर जलाशय पार करायचा, वनखात्याची परवानगी आणि फी, मग कोयनेच्या दाट जंगलातून चढ. मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत बोटीवर परत यायचं, म्हणून सकाळची पहिली बोट पकडा. सुरुवातीच्या दिवसांत जळवा असतात, मीठ किंवा तंबाखूची पूड जवळ ठेवा, ओढून काढू नका.

प्रश्न : किल्ल्यावर मधमाश्यांनी हल्ला केल्याच्या बातम्या वाचून भीती वाटते. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, सांगली)

आग्या मोहोळ कड्याला, दरवाजाच्या कमानीला, उंच झाडाला लटकलेलं असतं, ते आपल्या वाटेला येत नाही जोवर आपण त्याच्या वाटेला जात नाही. धूर, सेंट-डिओ, फटाके, ड्रोन, आणि दगड मारणारं एखादं कार्टं, ही नेहमीची कारणं. माश्या उठल्याच तर हात झटकत बसू नका, तोंड आणि मान कपड्याने झाकून तिथून लांब पळा, पण कडा कुठे आहे ते बघून पळा. काटे नखाने किंवा कार्डाने खरवडून काढा. श्वास लागायला लागला, तोंड सुजलं की ताबडतोब दवाखाना, ट्रेक तिथेच संपला.

प्रश्न : मी २४ वर्षांची, ट्रेकिंग करायचंय पण आई पाठवत नाही. म्हणते अनोळखी लोकांबरोबर जंगलात कशाला. काय सांगू तिला? (एक वाचक, डोंबिवली)

आईचं अगदीच चुकतंय असं नाही म्हणणार मी. सोशल मीडियावर पोस्टर टाकून साठ-साठ जणांना बसमध्ये भरणारे पण आहेत आणि दहाबारा लोकांना नीट नेणाऱ्या जुन्या गिर्यारोहण संस्था पण आहेत. जायच्या आधी विचारा, किती लोक, लीडर किती, त्यातल्या बायका किती, प्रथमोपचार कुणाला येतात, परतीची वेळ काय. ह्या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्याबरोबर जायचं नाही.

पण पहिला ट्रेक आईबरोबरच कर. नेरळहून माथेरान, गाड्यांना आत बंदी आहे, लाल मातीच्या सावलीतल्या वाटा, एकेक पॉइंट करत दिवसभर चालता येतं आणि चढ-उतार अंगावर येत नाहीत. टॉय ट्रेन चालू असेल तर जाताना तीच घ्या, पावसाळ्यात नेरळपासूनची बंद असते, मग टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत. चिक्की शेवटी घ्या, आधी घेतली तर माकडं पिशवी ओढतात. मला वाटतं दुसऱ्या खेपेला तीच विचारेल आता कुठे जायचं म्हणून, आणि तेव्हा तिला लोहगड सांग, मळवलीला उतरून भाजे लेण्यांवरून.