खाजकुइलीचं बी : शुद्धी, मात्रा आणि खाज

प्रश्न : शेताच्या कुंपणावर खाजकुइलीचे वेल माजलेत. पौषात शेंगा वाळतात. बी औषधासाठी घरी शुद्ध करायचं तर नेमकं कसं?

उत्तर : सगळी खाज शेंगेवरच्या सोनेरी-तपकिरी लवेत असते, बियांत नाही. म्हणून शेंगा काढायच्या त्या सकाळी दव असताना, वाऱ्याकडे पाठ करून. रबरी हातमोजे घाला, घोस लांब दांड्याच्या विळ्याने थेट पाण्याच्या बादलीत पाडा आणि शेंगा पाण्यातच फोडा. ओली लव उडत नाही. एका शेंगेत साधारण 4 ते 6 काळपट, चकचकीत बिया निघतात. त्या लगेच धुऊन सुकवा, नाहीतर बुरशी धरते.

पाव किलो बी रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी मलमलच्या फडक्यात सैल पोटली बांधा, कारण बी फुगतं. पातेल्यावर आडव्या काठीला ती अशी टांगा, की गाईच्या लिटरभर दुधात बुडेल पण बुडाला टेकणार नाही. टेकली की दूध करपतं आणि तो वास चुर्णाला कायमचा चिकटतो. मंद आचेवर तीन तास उकळू द्या, आटेल तसं दूध वाढवा. आता एक बी चिमटीत दाबून पाहा. साल बोटांत सुटून आली आणि आतली पांढरट डाळ निघाली, तर झालं. जुन्या बियांना जास्त वेळ लागतो. घाईने साल खरवडू नका. ते दूध टाकून द्या, जनावरांनाही घालू नका. डाळी गरम पाण्यात धुऊन कडकडीत वाळवा, दळा, वस्त्रगाळ करा. चूर्ण हवेने काळवंडतं, म्हणून थोडंथोडंच दळा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

प्रश्न : वडिलांना कंपवात (पार्किन्सन) आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या सुरू आहेत. सोबत कवचबीजाचं, म्हणजे खाजकुइलीच्याच बियांचं, चूर्ण दुधातून द्यावं, असं शेजारचे काका सांगतात. द्यावं का?

उत्तर : स्वतःहून अजिबात देऊ नका. गोळीतलं लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत पोचून कंप कमी करणारं औषध, तेच या बियांतही आहे, कच्च्या बियांत वजनाच्या साधारण 3 ते 6 टक्के. चुर्णाची ग्रंथोक्त मात्रा 3 ते 6 ग्रॅम. म्हणजे 5 ग्रॅमला दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम; शिजवताना त्यातलं काही दुधात उतरतं, किती ते सांगता येत नाही. नुसतं चूर्ण घेतलं तर यातलं बरंचसं मेंदूपर्यंत पोचण्याआधीच संपतं. वडिलांच्या गोळीतलं कार्बिडोपा मात्र नेमकं हे संपणं रोखतं, त्यामुळे तेच चूर्ण त्यांच्या अंगात कितीतरी जड पडेल. मळमळ, उभं राहिल्यावर भोवळ, हातापायांच्या अनावर हालचाली, भास होणं ही लक्षणं तिथूनच येतात. दुधाचं म्हणाल, तर त्यातली प्रथिनं लेव्होडोपाचं शोषण अडवतात, म्हणजे गुण एक दिवस जास्त, एक दिवस कमी. आधीच सुरू केलं असेल तर मज्जाविकारतज्ज्ञांना किती आणि कधीपासून ते स्पष्ट सांगा. आणि चुर्णाच्या भरवशावर गोळ्या अचानक बंद करू नका. त्याने ताप चढून अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं, आणि ते जिवावर बेततं.

प्रश्न : लव अंगाला लागली तर लगेच काय करावं?

उत्तर : चोळू नका, खाजवू नका, लव आणखी आत रुतते. आधी चिकटपट्टी हलकी दाबून उपटा, दर वेळी नवा तुकडा घ्या. मग साबणाने धुवा. शेण चोळण्याची जुनी रीत सोडा, खाजवून सोललेल्या कातडीला धनुर्वाताची भीती असते. ही खाज हिस्टामिनमुळे (अॅलर्जीत अंगात सुटणाऱ्या रसायनामुळे) नसते, म्हणून पित्त उठल्यावर घेतो त्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. डोळ्यात गेली तर भरपूर पाण्याने धुऊन तडक डॉक्टरकडे जा. अंगावरचे कपडे वेगळे भिजवा.