पहिल्यांदा क्रेन भाड्याने घेताना
जड यंत्र क्रेन भाड्याने घेऊन स्वतः बसवायचे तुम्ही ठरवले असेल, तर तो निर्धार उत्तम आहे. मात्र क्रेन ठरवताना बहुतेक नवखे केवळ वजन सांगतात आणि तिथेच चुकतात. १० टनी क्रेन १० टन उचलते ती वजन अगदी जवळ असतानाच. ते जितके दूर न्यावे लागेल तितकी तिची क्षमता झपाट्याने घटते, म्हणून क्रेन जिथे उभी राहील तिथपासूनचे अंतर आणि उंची टेपने मोजूनच मालकाला कळवा.

आणखी दोन गोष्टी आधी पाहा:
- आउटरिगरखाली, म्हणजे क्रेन स्थिर ठेवण्यासाठी बाजूला पसरून जमिनीवर टेकणाऱ्या पायांखाली, सेप्टिक टँक, गटार किंवा ताजा भराव नसावा.
- वर विजेच्या तारा असल्यास वीज कंपनीशी बोलल्याशिवाय काम सुरू करू नका.

स्लिंग (वजन हुकाला अडकवण्याचे पट्टे किंवा दोर) बांधण्याचे काम अनुभवी रिगरकडेच, म्हणजे हेच काम करणाऱ्या कारागिराकडेच, सोपवा, याबाबत मी आग्रही आहे. टांगलेल्या वजनाखाली कोणीही क्षणभरसुद्धा जाऊ नये.