‘ऑफ माइस अँड मेन’मधली कर्लीची बायको खरंच उठवळ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही कादंबरी वाचताना तुम्हाला रँचमालकाच्या मुलाच्या, म्हणजे कर्लीच्या, बायकोची चीड आली. हिच्या नखऱ्यांपायीच सगळ्यांचा घात झाला असं वाटलं. मग समीक्षक तिला एकाकी, पिचलेली बाई का म्हणतात? आणि लेखकाला तिची एवढी कणव होती, तर तिला साधं नाव का दिलं नाही?

चीड येणं स्वाभाविक आहे. मी हे पुस्तक वर्गात शिकवायचो तेव्हा बहुतेक मुलांचं, आणि मुलींचंही, पहिलं मत हेच असायचं. पण तिला उठवळ ठरवतात ती रँचवरची माणसं, पुस्तक नव्हे. पहिल्या वाचनात हा फरक निसटतो, कारण ती येण्याआधी तिची बदनामी येऊन पोचलेली असते.

दुसऱ्या भागात ती दारात उभी राहते, त्याच्या आधीची काही पानं पुन्हा काढून बघा. झाडलोट करणारा म्हातारा कॅन्डी नव्याने आलेल्या जॉर्जचे कान भरतोय. लग्नाला जेमतेम दोन आठवडे झालेत आणि हिची नजर आत्ताच भिरभिरायला लागली, असं तो सांगतो. कर्ली डाव्या हातात व्हॅसलीनने भरलेला मोजा घालतो, बायकोसाठी हात मऊ ठेवायचाय म्हणून, हेही तोच चवीने सांगतो. आता ही गोष्ट कॅन्डीला कुठून कळली? खुद्द कर्लीनेच गड्यांमध्ये फुशारकी मारली म्हणून! बायकोबरोबरच्या खासगी गोष्टी चव्हाट्यावर आणतो नवरा आणि चालू ठरते बायको. स्टाइनबेक यावर स्वतः काहीच बोलत नाही. तो फक्त कॅन्डीला बोलू देतो.

मग ती येते. दारातलं ऊन अडतं म्हणून जॉर्ज आणि त्याच्याबरोबर आलेला त्याचा सोबती लेनी मान वर करतात. रंगवलेले ओठ, लाल नखं, शहामृगाची पिसं लावलेल्या लाल सपाता. “मी कर्लीला शोधतेय,” ती म्हणते. हे निमित्त आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तिलाही. ती गेल्यावर जॉर्ज तिला शिव्या घालतो आणि वाचकही त्याच्याच बाजूने जातो, कारण तोवर आपण जॉर्जच्या डोळ्यांनीच सगळं बघत असतो. पण जाताजाता घडलेली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. रँचवरचा एक गडी, स्लिम, तिला सहज सांगतो की कर्लीला मी तुमच्या घरात जाताना पाहिलं. हे ऐकल्याबरोबर ती धास्तावते आणि लगबगीने निघून जाते. नवऱ्याला शोधायला आलेली बाई नवरा सापडला म्हणताच घाबरते. तिच्या संसाराबद्दल सांगायचं ते लेखकाने त्या एका ओळीत सांगून टाकलंय. पुढे कर्ली तिला मारतो का, काय करतो, यातलं काही पानावर येत नाही, आणि यायची गरजही नाही.

आता रँचवर कोणाकडे काय आहे ते बघा. कॅलिफोर्नियातल्या सोलेदादजवळचा हा रँच, काळ 1930च्या दशकातला, मंदीचा. गडी दरिद्री आहेत, पण महिना भरला की त्यांच्या हातात पगार पडतो. नाही पटलं तर गाठोडं बांधून ते दुसऱ्या रँचची वाट धरू शकतात. कॅन्डीला हात तुटल्याचे अडीचशे डॉलर मिळालेत. जॉर्ज आणि लेनीचं स्वतःच्या जमिनीच्या तुकड्याचं स्वप्न आहे, आणि त्याची किंमतही ठरलेली आहे, सहाशे डॉलर. या बाईकडे पगार नाही, बचत नाही, आणि रँचवर बोलायला दुसरी बाई नाही. मालकाची सून म्हटल्यावर गड्यांना ती पोटावर पाय आणणारी बला वाटते, म्हणून ते तोंड फिरवतात. त्यांचंही चूक नाही म्हणा. तिच्याशी दोन शब्द बोललेले कर्लीने पाहिले तर नोकरी गेलीच.

नावाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बेनाव ठेवली म्हणजे तिला माणूस मानलं नाही, असं सरळ गणित अनेक जण मांडतात. पण कर्लीच्या बापालाही पुस्तकात नाव नाही, तो नुसता ‘मालक’ आहे. त्यामुळे तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. मला जास्त बोचतं ते दुसरंच. गावातल्या कुंटणखान्यांची मालकीण सूझी आणि तिची स्पर्धक क्लारा यांची नावं गड्यांच्या तोंडात अगदी सहज येतात. कुठे दर कमी, कुठे खुर्च्या बऱ्या, याची चर्चा होते. ज्या बाईकडे पैसे टाकून जाता येतं तिला नाव आहे. जी दुसऱ्याची मालमत्ता आहे तिला फक्त त्या दुसऱ्याचं नाव. गड्यांच्या जगात बाईची ओळख अशीच लागते, आणि लेखक त्या जगाच्या भाषेला धरून राहिलाय. 1939मध्ये लुइस माइलस्टोनने चित्रपट काढला, त्यात तिला ‘मे’ असं नाव दिलं. पण एवढ्याने तिच्या वाट्याला काय जास्त आलं, असा प्रश्न मला पडतो.

चौथा भाग मात्र तिची बाजू घेणाऱ्यांना अडचणीचा आहे आणि तो टाळून चालत नाही. शनिवारची रात्र. धडधाकट पुरुष गावात उधळायला गेलेत, कर्लीसुद्धा. मागे राहिलेत तबेल्यातला पाठ मोडलेला काळा माणूस क्रुक्स, थोटा कॅन्डी आणि मतिमंद लेनी. ती दारात येते आणि बघताबघता म्हणते की दुबळे तेवढे मागे ठेवून गेलेत. हे म्हणताना आपणही त्याच यादीत आहोत हे तिला कळतं की नाही, सांगता येत नाही. पुढे ती फार शहाणपणाचं बोलते: तुमच्यातला एकेकटा भेटला तर माझ्याशी नीट वागतो, दोघं एकत्र आले की तोंड शिवून बसता, तुम्ही सगळे एकमेकांना भिता. अख्ख्या पुस्तकात पुरुषांबद्दल इतकं नेमकं कोणी बोलत नाही.

आणि मग क्रुक्स तिला खोलीबाहेर जायला सांगतो. ती उलटते, त्याला वर्णद्वेषी शिवी देते आणि सुनावते की मनात आणलं तर मी तुला झाडाला लटकवू शकते, अगदी सहज. ही पोकळ धमकी नाही. त्या काळच्या अमेरिकेत गोऱ्या बाईने नुसतं बोट दाखवलं तरी काळ्या माणसाला जमावाने फासावर चढवलेलं आहे. क्रुक्सला हे पुरतं माहीत आहे, म्हणून तो जागच्या जागी आक्रसून जातो. आपल्याला तुडवणाऱ्याला हात लावता येत नाही, म्हणून आपल्याहून दुबळा शोधून त्याला तुडवायचं. सासूकडून सोसलेलं सुनेवर काढणाऱ्या बायका आपण कथा-कादंबऱ्यांत काय कमी वाचल्यात? स्टाइनबेकने तिला गरीब गाय केलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. पिचलेली माणसं गोड असतात असं कुठे आहे?

पाचवा भाग कोठारातला. रविवारची दुपार, बाहेर गडी घोड्याच्या नालांचा खेळ खेळतायत. लेनीच्या हातून कुत्र्याचं पिल्लू मेलंय आणि तो ते गवतात लपवतोय. ती येते, त्याच्याजवळ बसते आणि पहिल्यांदाच स्वतःबद्दल सांगते. लहानपणी सलिनासला आलो. गावात नाटक कंपनी आली होती, त्यातला एक नट म्हणाला आमच्याबरोबर चल, पण आईने सोडलं नाही, मी पंधरा वर्षांची होते. मग सिनेमातला एक जण भेटला, हॉलिवूडला गेलो की पत्र लिहितो म्हणाला. पत्र आलंच नाही. आईनेच चोरलं असणार, याची तिला खात्री आहे. कर्ली तिला भेटला तो नाचघरात, आणि त्याच्याशी लग्न केलं ते घरातून सुटायला म्हणून. “मला कर्ली आवडत नाही, तो चांगला माणूस नाही,” हे ती आजवर कोणालाच बोललेली नाही.

इथे स्टाइनबेकची एक करामत आहे. ती भराभरा बोलत सुटते, ऐकणारा कोणी हिरावून नेईल की काय अशी घाई असल्यासारखी. आणि ऐकणारा लेनी आपल्या स्वप्नातल्या जमिनीवरच्या सशांबद्दल बोलत राहतो. एकाचं दुसऱ्याला पोचत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला श्रोता मिळालाय, आणि त्याचं लक्ष नाही. तरी तिला ते पुरतं. लेनीला केसांवरून हात फिरवू द्यायचा तिचा निर्णय मी त्या समाधानातून वाचतो, वासनेतून नाही. केस विस्कटतील म्हणून ती ओरडते, तो घाबरून तिचं तोंड दाबतो, त्यातच ती मरते, आणि पुढचं तुम्ही वाचलंच आहे.

मेल्यावर तिला काय मिळतं? कॅन्डी प्रेताला शिव्या घालतो, कारण त्याचं जमिनीच्या तुकड्याचं स्वप्न बुडालं. कर्ली बंदूक आणायला धावतो. तू बायकोजवळ थांब, असं स्लिम त्याला सुचवतो, तेव्हा त्याचा चेहरा लाल होतो आणि तो निघतोच. दोन आठवड्यांपूर्वी लग्न झालेल्या नवऱ्याला तिच्याजवळ बसण्यापेक्षा सूड महत्त्वाचा वाटतो. आधी तिच्या चालचलणुकीवर पहारा, मग तिच्या नावाने शिकार. तिच्याशी त्याचा संबंध एवढाच.

लेखकाच्या मनात काय होतं यासाठी अंदाज बांधायची गरज नाही. कादंबरी 1937च्या सुरुवातीला आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तिचं नाटक उभं राहिलं. नाटकात ही भूमिका करणाऱ्या क्लेअर लूसला स्टाइनबेकने 1938मध्ये पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की ही मुलगी मुळात प्रामाणिक आहे, पुरुषांनी तिच्याकडे कधी माणूस म्हणून पाहिलं नाही, आणि तिने स्वतःभोवती उभी केलेली तटबंदी ओलांडून कोणी तिच्यापर्यंत पोचला तर त्याला तिच्याबद्दल माया वाटेल.

पण पत्रात दाखवलेली ही माया त्याने पुस्तकात हात राखून दिली, ही माझी तक्रार आहे. तिचं प्रेत गवतात पडलेलं असताना निवेदक म्हणतो की तिच्या चेहऱ्यावरचा खवटपणा, डावपेच, असमाधान, लक्ष वेधून घ्यायची आस सगळी गेली आणि ती साधी, गोड दिसायला लागली. हे कॅन्डी किंवा जॉर्ज म्हणत नाही, निवेदक म्हणतो. जिवंत असताना बोलणारी ही बाई त्यालाही थोडी जडच झाली होती, असं मला त्या परिच्छेदात वाटत आलंय.

बाईच्या आत शिरणं त्याला जमत नव्हतं, असंही नाही. 1937च्याच ऑक्टोबरात ‘हार्पर्स’ मासिकामध्ये त्याची ‘द क्रिसॅन्थेमम्स’ ही कथा आली. जमेल तर आता ती वाचा, एका बैठकीत होते. तेच सलिनास खोरं, नायिका एलिसा अ‍ॅलन, पस्तिशीची, शेवंती फुलवण्यात हातखंडा असलेली. भांडी दुरुस्त करणारा एक फिरस्ता येऊन तिच्या फुलांचं कौतुक करतो. ती हरखून जाते, लाल कुंडीत रोपं लावून देते, त्याला कामही देते. संध्याकाळी नवऱ्याबरोबर गाडीतून जाताना तिला रस्त्यावर पुढे काळा ठिपका दिसतो. त्याने रोपं फेकून दिलीत आणि कुंडी ठेवून घेतलीय. तिचा नवरा हेन्री कर्लीसारखा नाही. तो कामसू आहे, प्रेमळ आहे, तिला बाहेर जेवायला घेऊन चाललाय, आणि शेजारी बसून त्याला पत्ता नाही की ती कोटाची कॉलर वर करून रडतेय. तिथे तुम्हाला चीड कोणावर काढता येते बघा, आणि जमलं तर इथेच कळवा.