त्याच्यासाठी न बोलण्याची नोकरी शोधू नका

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावी विज्ञान शाखेतून ७८ टक्के मिळवून उत्तीर्ण झाला. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय होते. चौथीपर्यंत मराठी शाळेत होता, तेव्हा वर्गात पहिला हात त्याचा वर असायचा. पाचवीपासून इंग्रजी माध्यम झालं आणि तो गप्प होत गेला. आता तोंडी परीक्षेत येत असलेलं उत्तरही देत नाही, दुकानात काही मागायला जात नाही, फोन उचलत नाही. ‘लोक हसतील’ एवढंच म्हणतो. गणेश चवथीला मात्र घरोघरच्या आरत्यांत तासन्‌तास घुमट हे मातीचं तालवाद्य वाजवतो. त्याला नर्सिंग करायचं आहे. आजोबा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यांचं सगळं त्यानेच केलं. पण मुलगा असून नर्सिंग म्हटल्यावर वाड्यावर आणि भाऊबंदांत आम्ही काय तोंड दाखवणार? त्यात हा असा बुजरा. म्हणून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं ठरवलं आहे, त्यात माणसांशी बोलावं लागत नाही. नातेवाइकांना तसं सांगूनही झालं. कृपया त्याचं मन वळवा आणि आत्मविश्वास वाढवण्यासाठी एखादा कोर्स सुचवा. – एक पालक, साखळी (गोवा)

उत्तर : टक्के चांगले आहेत, विषयही योग्य आहेत. त्यांची चिंता नको. चिंता वाटली ती ‘काय तोंड दाखवणार’ या तुमच्या वाक्याची. मुलगा म्हणतो लोक हसतील, तुम्ही म्हणता भाऊबंदांना काय सांगू. त्याच्या भीतीवर तुम्हाला उपाय हवा आहे, आणि स्वतःच्या भीतीप्रमाणे त्याची पुढची चाळीस वर्षं ठरवायची आहेत. दोन्ही भीती एकाच जातीच्या आहेत. मन वळवायचंच असेल तर आधी तुमचं वळायला हवं, म्हणून हे स्पष्ट लिहिणं भाग आहे.

बुजरेपणा काही प्रमाणात जन्मजात असतो, त्याचा दोष कुणाचाच नाही. पण कुणाच्या मुलाला किती टक्के पडले, कुणाची सून कशी बोलली, कुणाचं लग्न का मोडलं, हे घरात चहाच्या वेळी चालतं ते मुलं ऐकत असतात. आपलीच माणसं दुसऱ्यांना इतक्या बारकाईने तोलतात, तर बाहेरची आपल्यालाही तसंच तोलत असणार, हा हिशेब मूल न सांगता करतं. चवथीला मूळ घरी सगळे जमले, की गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली बसून पहिला प्रश्न येतो ‘कितले टक्के?’ आणि उत्तर बहुतेक वेळा आईवडीलच देतात. तुम्ही तर याच्याही पुढे गेलात. त्याला विचारण्याआधी नातेवाइकांना सांगून मोकळे झालात. आता त्याने इंजिनिअरिंग घेतलं तर ते तुमचा शब्द राखण्यासाठी असेल.

पाचवीपासून गप्प झाला, हे तुम्ही नीट टिपलं आहे. गोव्यात हे अनेक मुलांचं होतं. प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीला एकदम सगळे विषय इंग्रजीतून. डोक्यात उत्तर असतं, ते मांडायला शब्द नसतात. एखाद्या उच्चारावर वर्ग हसतो, कधी शिक्षकही त्यात सामील होतात, आणि मूल हात वर करणं सोडून देतं. त्या दिवशी सुटका होते आणि सुटण्याची सवय लागते. पुढे इंग्रजी वाचता-लिहिता येऊ लागतं, बारावीचे गुण त्याची साक्ष आहेत, पण भीती मात्र पाचवीतल्या मुलाएवढीच राहते, कारण नंतर ती कधी तपासूनच पाहिलेली नसते. त्यामुळे स्पोकन इंग्लिशचा क्लास लावून हे सुटणार नाही. दुकानात मीठ मागायला इंग्रजी लागत नाही, आणि तो तेही मागत नाही.

आता ‘कॉम्प्युटरमध्ये माणसांशी बोलावं लागत नाही’ हा समज. हा इतक्या घरांत ऐकू येतो की तो मुळापासून खोडायलाच हवा. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सेमिनार असतात, प्रोजेक्ट परीक्षकांसमोर मांडावा लागतो, जवळपास प्रत्येक प्रॅक्टिकलला तोंडी परीक्षा असते. कॅम्पस मुलाखतीत बऱ्याच कंपन्या गटचर्चा घेतात. नोकरीत बहुतेक टीममध्ये रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटांची बैठक होते : काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं. लिहिलेला कोड सहकारी ओळीओळीने तपासतात आणि चुका सगळ्या टीमला दिसतील अशा नोंदवतात. ‘मी अडलोय’ हे सांगायला लाजणारा मुलगा तीन दिवस एकटाच झगडतो आणि काम सगळ्यांचं लांबतं. लोकांच्या मताची भीती असलेल्याला हे क्षेत्र कुठेही लपू देत नाही. न बोलण्याची नोकरी शोधणं म्हणजे करिअरची निवड भीतीच्या हाती देणं.

नर्सिंगमध्ये बोलावं लागतंच, आणि जास्त लागतं. पण तिथलं बोलणं स्वतःबद्दल नसतं, रुग्णाबद्दल असतं. पाळी बदलताना रुग्ण सोपवण्याची पद्धत बांधलेली असते. आत्ता काय होतंय, आधीचा इतिहास काय, तपासल्यावर काय आढळलं, पुढे काय करायला हवं, या चार भागांत बोलायचं. सांगाडा ठरलेला असला की घाबरणाऱ्या माणसालाही बोलता येतं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ न देणं, भरवणं, स्वच्छता करणं हे ज्याने अठरा वर्षांचा होण्याआधी केलं, त्याच्या निवडीला हौस म्हणू नका. इतकं ठोस कारण घेऊन या क्षेत्रात येणारी मुलं थोडी असतात. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, गोवाभरातून आणि सिंधुदुर्गातूनही रुग्ण येतात. त्यांच्याशी मराठी-कोकणीत मायेने बोलणारा नर्स हवाच असतो. मात्र नर्सिंग हा आडोसा नाही, हेही त्याला सांगा. रात्रपाळ्या असतात, वॉर्डमध्ये सगळ्यांसमोर बोलणी खावी लागतात, नातेवाइकांचा राग झेलावा लागतो.

प्रवेशाचं थोडक्यात : चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, त्यासाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतात. बांबोळीला सरकारी नर्सिंग शिक्षण संस्था आहे. त्या वर्षीचे नियम पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या माहितीपुस्तिकेत पाहावेत.

आत्मविश्वासाचा कोर्स मी सुचवत नाही. पन्नास अनोळखी मुलांसमोर पहिल्याच दिवशी माईक हातात देणारी शिबिरं अशा मुलाला बहुधा आणखी मागे ढकलतात. तुम्ही जाता जाता लिहिलेली घुमटाची ओळ या पत्रातली सगळ्यात उपयोगी ओळ आहे. माणसांनी भरलेल्या घरात तो तासन्‌तास वाजवतो, कारण त्याचं लक्ष तालावर आणि आरतीवर असतं. दुकानात तेच लक्ष आत वळतं : माझा आवाज कसा येतोय, कान लाल झाले का, हात थरथरतोय का. क्लार्क आणि वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्या केंद्रस्थानी हेच आत वळलेलं लक्ष आहे. माणूस स्वतःला आतून जसं वाटतं त्यावरून बाहेर कसा दिसत असेल याचं चित्र रंगवतो आणि त्यालाच पुरावा मानतो.

यापुढचा भाग मुलाच्या हातात द्या. त्याच्याशी थेट बोलणं बरं.

मित्रा, एक वही घे. टाळतोस असे दहा प्रसंग लिही आणि प्रत्येकाला ० ते १०० भीतीचे आकडे दे. सुरुवात तीस-चाळीसच्या प्रसंगापासून कर. दारावर पाव विकायला येणाऱ्या पोदेराला थांबवून ‘आज पाव नकोत, पोळ्या दे’ सांगणं तीस असेल. भरलेल्या बसमध्ये मागून मोठ्याने थांबा सांगणं चाळीस. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तीन ठिकाणी भाव विचारून काहीच न घेता निघणं पन्नास. प्रवेशाची चौकशी करायला फोन लावणं साठ. वर्गात इंग्रजीतून ‘हे कळलं नाही, पुन्हा सांगाल का’ विचारणं ऐंशी. आकडे तुझे तू ठरव.

प्रसंगाआधी एका ओळीत लिही, नक्की काय होईल असं वाटतं : ‘दुकानदार हसेल, मागचे दोघे वळून बघतील.’ त्यावर किती टक्के विश्वास आहे तेही लिही. परत आल्यावर फक्त डोळ्यांनी दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं लिही. ‘त्यांना मी बावळट वाटलो’ ही नोंद चालणार नाही, ती दिसलेली गोष्ट नाही.

बहुतेकांचं इथेच बिनसतं : प्रसंगात जातात, पण कुबड्या घेऊन. हातात मोबाईल, सोबत चुलत भाऊ, वाक्य मनात दहादा घोकलेलं, आवाज पुटपुटता. मग काही वाईट घडलं नाही तरी मन म्हणतं, मोबाईल होता म्हणून निभावलं, आणि भीती जशीच्या तशी उरते. दीर्घ श्वासाचंही तेच, तो घेतल्याशिवाय बोलायचंच नाही असं ठरलं की तीही कुबडी होते. एकेक कुबडी सोडत जा. लक्ष बाहेर ठेव. दुकानदार काय तोलतोय, त्याच्या मागच्या फळीवर काय आहे, घरी येऊन तीन गोष्टी आठवता आल्या पाहिजेत.

रोज एक प्रसंग. एकच पायरी चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी कर, मगच वर चढ. आठवड्यातून एकदा केलंस तर मधल्या सहा दिवसांत मन पुन्हा जुनी गोष्ट रचेल. पहिल्याच आठवड्यात ऐंशीवर उडी मारू नकोस. छाती धडधडत राहिली तरी दिवस वाया गेला असं समजू नकोस, तुझा अंदाज खरा ठरला की खोटा एवढंच मोज. रात्री तोच प्रसंग डोक्यात पुन्हा पुन्हा फिरेल, त्याला वहीत पाच मिनिटं दे आणि वही मिटव. ‘मी नीट बोललो ना?’ असं आईला विचारू नकोस. आणि धीर यावा म्हणून कुणी मित्र आधी बिअर घे म्हणेल, तर ती सगळ्यात महागडी कुबडी आहे.

कधीतरी कुणी खरंच हसेल. कुणी हसणारच नाही असं वचन देता येत नाही. तेव्हा बघ, हसू किती सेकंद टिकलं आणि त्यानंतर तो माणूस काय करू लागला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रयोग छापला होता. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असेल. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनीच ओळखलं होतं. म्हणजे लोक बघतात, पण आपल्याला वाटतं त्याच्या निम्मेच. आणि त्या पाव लोकांचं मत वाईट झालं तरी तुला हवा तो अभ्यासक्रम घेता येतो. मोकळीक मिळते ती इथेच. सगळ्यांचं मत चांगलं होईपर्यंत थांबायची गरज उरत नाही.

आता पुन्हा तुमच्याशी. त्याच्या वतीने उत्तरं देणं आजपासून बंद करा. कुणी त्याला प्रश्न विचारला आणि तो गप्प राहिला, तर ती शांतता तशीच राहू द्या, ‘लाजतो तो’ असं म्हणून भरू नका. वही मागू नका. दुकानात गेला तर घरात टाळ्या वाजवू नका आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. ज्यांना इंजिनिअरिंग सांगितलं, त्यांना तुम्हीच फोन करून बदल कळवा. वाक्य एवढंच : ‘तो नर्सिंगला जातोय.’ पुढे ‘काय करणार, त्याला तेच हवंय’ हे जोडू नका. ते जोडलंत की तो वाईट मुलगा आणि तुम्ही बिचारे ठरता, आणि तो ते ऐकतो. हा फोन तुम्हाला जड जाईल. तुमच्या यादीत त्याचा आकडा बहुधा ऐंशी असेल, तरी करा.

सहा आठवडे नेमाने करूनही फरक दिसला नाही, किंवा तो परीक्षा-कॉलेज चुकवू लागला, झोप-जेवण बिघडलं, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागला, तर वाट पाहू नका. शेवटचं लक्षण दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करा. सामाजिक भीतीचा विकार ओळखता येणारा आणि बरा होणारा आहे. तो बहुधा किशोरवयातच सुरू होतो, आणि विचार-वर्तन उपचाराच्या साधारण १२ ते १६ बैठकांनी बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो. औषध लागेल की नाही ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. बांबोळीलाच सरकारी मानसोपचार संस्था, आयपीएचबी आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही मोफत बोलता येतं. बांबोळीच्या त्या दारात कुणी ओळखीचं भेटेल, या विचाराने उपचार लांबवू नका.

प्रवेशाचा अर्ज त्याला स्वतः भरू द्या. रहिवासी दाखल्यासाठी डिचोलीच्या मामलेदार कचेरीत जावं लागेल. खिडकीवर कोणते कागद लागतात, दाखला कधी मिळेल, तो अडला तर पुढे कुणाला भेटायचं, हे त्यालाच विचारू द्या. एखादा कागद राहून गेला आणि दुसरी फेरी पडली तरी चालेल. तेवढ्यासाठी मुदतीच्या आठ दिवस आधी जा, आणि तुम्ही बाहेर थांबा.