पावतीतला आकडा बदलला, आता सायबर सुरक्षेत जायचंय

प्रश्न : मुलगा कोल्हापुरात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नगरपालिकेच्या साइटवर घरपट्टीची पावती काढताना त्यानं सहज वरच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलला, तर भलत्याच घराची पावती उघडली. तेव्हापासून सरकारी सायबर सुरक्षेतच जायचं म्हणतो. एक क्लासवाले ९० हजार मागतात, वर नवा लॅपटॉप घ्या म्हणतात. यातून सरकारी नोकरी लागेल का? – एक पालक, कागल

उत्तर : नमस्कार. नोकरीचं नंतर बोलू, आधी पावतीचं. चिरंजीवांनी आणखी पावत्या उघडून बघितल्या असतील तर आजच थांबायला सांगा. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट तर अजिबात नको. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत शिरणं आयटी कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं. त्यात हेतू अप्रामाणिक ठरला, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारने ‘संरक्षित’ म्हणून जाहीर केलेल्या यंत्रणेला हात लावला तर मर्यादा दहा वर्षांवर जाते. ‘मी चांगल्यासाठीच बघत होतो’ हे पोलीस ठाण्यात सांगायची वेळ कशाला आणायची?

कळवायचं मात्र जरूर. केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था अशा त्रुटींची माहिती स्वीकारते. कोणतं पान, काय बदललं, काय दिसलं, एवढं चार ओळीत लिहावं आणि दुसऱ्याचं नाव-पत्ता झाकावा. शाबासकीची वाट बघू नये.

आता त्याला जे सापडलं त्याबद्दल. साइटने पावती मागणारा आत आलाय का एवढंच तपासलं, ती पावती त्याची आहे का हे तपासलंच नाही. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ना-नफा संस्थेची धोक्यांची जी यादी जगभर वापरतात, तिच्या २०२१ च्या आवृत्तीत हाच दोष पहिल्या क्रमांकावर होता. पोराची नजर चांगली आहे, यात वाद नाही.

पण सरकारी सायबर सुरक्षा म्हणजे रोज असे दोष शोधणं नव्हे. बदली झालेल्या कारकुनाचं लॉगिन बंद झालं का, सर्व्हरवर अपडेट चढले का, १८० दिवसांचे लॉग (यंत्रणेत कुणी कधी काय केलं याच्या नोंदी) जपलेत का, बॅकअप खरंच परत उघडतो का, असलं कंटाळवाणं काम जास्त. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला तेव्हा रुग्णांच्या नोंदी कितीतरी दिवस कागदावर चालल्या. आपल्याकडे पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली असताना जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाची यंत्रणा बंद पडली तर काय होईल, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. हे काम त्याला आवडेल का, ते विचारा.

कायम सरकारी नोकरीची वाट अरुंद आहे, हे स्पष्टच सांगतो. सरकारी साइट आणि यंत्रणा सांभाळणाऱ्या केंद्राच्या एनआयसी या संस्थेतल्या वैज्ञानिक-बी पदाला इंजिनिअरिंगची पदवी किंवा एमसीए-एमएस्सीसारखं पदव्युत्तर शिक्षण लागतं. सीडॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेचा सहा महिन्यांचा सुरक्षा डिप्लोमा चांगला आहे, पण त्याचीही पात्रता साधारण अशीच, शिवाय सी-कॅट ही प्रवेश परीक्षा. म्हणून बीएस्सी झाल्यावर सीईटी देऊन एमसीए करावं. शिवाजी विद्यापीठात ती सोय आहे, घर सोडायची गरज नाही.

खरी मागणी आहे ती सर्ट-इनच्या यादीतल्या सुरक्षा ऑडिट कंपन्यांत. सरकारी साइट चालू करण्याआधी अशा ऑडिटरकडून तपासून घ्यावी लागते. तुमच्या मुलानं जे विनापरवाना केलं, तेच तिथे लेखी परवानगीनं करतात आणि पगार मिळतो. कंपनी खाजगी, काम सरकारचं. घरात ‘पर्मनंट’चा आग्रह असेल तर हे पचायला जड जाईल, पण माझं मत विचाराल तर पहिली चार-पाच वर्षं इथेच काढावीत.

क्लासचे ९० हजार देऊ नका. नेटवर्किंग आणि लिनक्स घरी शिकता येतं. ओवॅस्पचंच ‘ज्यूस शॉप’ नावाचं सरावासाठी मुद्दाम सदोष बनवलेलं ऑनलाइन दुकान फुकट मिळतं. ते स्वतःच्या मशीनवर चालवून हवं तितकं फोडावं, कुणी विचारायला येत नाही. प्रत्येक दोष कसा सापडला आणि दुरुस्त कसा करायचा, हे पानभर मराठीत आणि पानभर इंग्रजीत लिहायची सवय लावा. ऑडिटमध्ये शेवटी अहवालच द्यायचा असतो आणि तिथेच बरीच हुशार पोरं अडखळतात.

लॅपटॉप नवा नको. आहे त्यात ८ जीबी रॅम असेल तर १६ करून घ्या आणि एसएसडी (वेगवान डिस्क) नसेल तर बसवा. कोल्हापुरात राजारामपुरीत एका दुपारचं काम आहे.