धूर खरा का वाटत नाही?

फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅममध्ये फोटोवर धूर घालून केलेलं तुमचं चित्र पाहिलं. ब्रशवर हात चांगला आहे, पण धूर कापसासारखा दिसतोय, कारण तो सगळीकडे सारखाच दाट आहे. आधी एखाद्या नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा धूर नीट बघा. सुरुवातीला सरळ, बारीक रेघ वर जाते, मग ती डळमळते, वेटोळी होतात आणि शेवटी धूर विरून जातो. हा क्रम चित्रात आला की निम्मं काम झालं.

काळ्या पार्श्वभूमीवरचा धुराचा फोटो वरच्या लेयरवर (थरावर) ठेवून ब्लेंड मोड, म्हणजे थर खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, ‘स्क्रीन’ करा, म्हणजे काळा भाग गायब होतो. तरी चौकटीची कड दिसली तर लेव्हल्समध्ये (उजळ-गडदपणा जुळवण्याच्या साधनात) काळा स्लायडर थोडा आत सरकवा. मागे उजळ आकाश असेल तर मात्र स्क्रीनचा उपयोग नाही; फोटोचे रंग उलटे करून ‘मल्टिप्लाय’ हा गडद करणारा ब्लेंड मोड वापरा. आकार वळवायला वॉर्प (पूर्ण थर वाकवण्याचं साधन) पुरतो. लिक्विफाय (ब्रशने चित्र ओढून आकार बदलण्याचं साधन) जपून वापरा, जास्त ओढलं की धुराचे धागे रबरासारखे ताणलेले दिसतात.

रंगाकडे बहुतेक जण लक्षच देत नाहीत. पातळ धूर गडद पार्श्वभूमीवर निळसर दिसतो आणि तोच उजेडासमोर पिवळट-तपकिरी, कारण त्याचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. शुद्ध पांढरा रंग म्हणूनच खोटा वाटतो.

ब्रशने भर घालायची असेल तर फ्लो (ब्रशमधून रंग किती उतरतो ते) ५ ते १० टक्के ठेवा आणि मास्कवरच (थराचा कोणता भाग दिसेल ते ठरवणाऱ्या पडद्यावर) काम करा. शेवटी मूळ फोटोइतकाच ग्रेन (बारीक दाणेदारपणा) धुरावरही द्या. सुधारलेलं चित्र नक्की दाखवा.