शब्द कोणत्या भाषेचा, हे डेटाबेसला कसं सांगायचं?

प्रश्न: आम्ही पाच-सहा मित्र मिळून एका ऑनलाइन बहुभाषी शब्दकोशात शब्द टाकून रायलो, कोणीही येऊन भर घालू शकते असा तो आहे. 'पोट्टा', 'काऊन', 'पानी' असे शब्द टाकले आणि भाषेच्या रकान्यात 'नागपुरी' लिहिलं. काही दिवसांनी पाहतो तर झारखंडच्या कोणीतरी त्याच नावाखाली भलतेच शब्द भरून ठेवलेले. आता चूक कोणाची?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: दादा, तुम्हीही बरोबर अन् तेही बरोबर, भानगड तिथंच आहे. छोटा नागपूरच्या पठारावर, रांचीकडे, जी सादरी बोलतात तिलाही तिथले लोक नागपुरीच म्हणतात आणि आपल्या नागपुरीशी तिचा काही संबंध नाही, ती भोजपुरी-मगहीच्या जवळची. म्हणून अशा डेटाबेसमध्ये नावावर कधीच विसंबायचं नाही, कोड टाकायचा. आयएसओ ६३९-३ नावाची यादी आहे, २००७ साली आली, एसआयएल ही संस्था ती सांभाळते, तिच्यात प्रत्येक भाषेला तीन अक्षरं दिलीत. मराठी म्हणजे एम-ए-आर, वऱ्हाडी-नागपुरी व्ही-ए-एच, सादरी एस-सी-के. झालं, दोन नागपुऱ्या वेगळ्या झाल्या.

आता तुमचे मित्र म्हणतील की वऱ्हाडी ही मराठीचीच बोली, मग वेगळा कोड कशाला. हे भांडण जुनं आहे, इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सननं त्या पाहणीच्या १९०५ च्या खंडात तिला मराठीतच धरलं होतं, आयएसओनं वेगळं धरलं. मला विचाराल तर कोड हा पत्ता आहे, दर्जा नाही. वेगळा कोड दिला म्हणून वऱ्हाडी मराठीपासून तुटत नाही, उलट 'काऊन' शोधणाऱ्याला तो सापडतो, नाहीतर 'का' आणि 'कशाला'च्या गर्दीत कोणी बघणारच नाही. फक्त अख्ख्या ग्रुपनं एकच पद्धत ठरवा, कोणी एम-ए-आर कोणी व्ही-ए-एच असं केलं की सगळा गोंधळ.

आणि 'पानी'. हिंदीतही पानी, वऱ्हाडीतही पानी. नोंदी दोन करायच्या, स्पेलिंग एक असलं तरी, कारण उच्चार, लिंग, वापर सगळं त्या-त्या भाषेचं असतं.

प्रश्न: माझ्या सासूबाई गोंडी बोलतात, माहेर अहेरीकडचं. मी त्यांचे शब्द देवनागरीत लिहिते तर सिस्टीम आपोआप 'हिंदी' दाखवते. काय करू?
– एक वाचक, काटोल रोड, नागपूर

उत्तर: ताई, ते आपोआप ओळखणं बंदच करा. मशीन लिपी बघतं, आणि मराठी, हिंदी, कोरकू, हलबी सगळ्या देवनागरीत लिहितात, त्यातून एकच शब्द दिला तर ते बिचारं काय ओळखणार, त्याला निदान एखादा परिच्छेद लागतो. भाषा तुम्हीच सांगा.

गोंडीसाठी जी-ओ-एन हा कोड दिसेल, पण ती सगळ्या गोंडींची मोठी टोपली आहे. सासूबाईंची अहेरी गोंडी ई-एस-जी, आणि उत्तरेकडची, बैतूल-छिंदवाड्याकडची, जी-एन-ओ. म्हणून माहेरचं गाव नोंदीत लिहाच, उद्या कोड बदलले (बदलतात, पूर्वी दक्षिणी गोंडीचा एकच कोड होता तो फोडला) तरी गावावरून पुन्हा लावता येईल. लिपीचा रकाना वेगळा ठेवा. गोंडीला मसराम लिपी आहे, मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये केलेली, २०१७ पासून युनिकोडमध्येही आहे, आणि गुंजाळा लिपीही आहे. लिपी बदलली म्हणून भाषा बदलत नाही.

एखादा शब्द अहेरीचा की माडियाचा हे सासूबाईंनाही सांगता आलं नाही तर अंदाजानं भरू नका. 'भाषा ठरलेली नाही' यासाठी यू-एन-डी असा कोडच आहे, तो टाका, शब्द कोणाकडून ऐकला ते बाजूला लिहा, आणि सासूबाईंच्या माहेरचं कोणी आलं की विचारून घ्या.